गोळी आधी की काळं आधी?

मिरजेतल्या एका पोटाच्या डॉक्टरांबद्दल लिहिते आहे. नाव घालणार नाही. घालू का म्हणून विचारलं होतं, तर हात जोडून नको म्हणाले. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करायची नसते असा नियमच आहे आणि पेशंटच्या तोंडून करवून घेतली तरी ती जाहिरातच, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा नाव राहू दे. पण त्यांनी मला कसं तपासलं ते सविस्तर सांगते. पोटदुखी अंगावर काढणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझं चपाती-भाजीचं केंद्र आहे. रोज अडीचशे चपात्या, साठ-सत्तर भाकरी, दोन भाज्या, एक आमटी. पहाटे साडेचारला शेगडी पेटते ती दुपारी एकला विझते. सतरा वर्षं उभं राहून गुडघे गेले. एका मेडिकलवाल्याने सुचवलेली दुखण्याची गोळी सहा वर्षं घेत होते, थंडीत तर दिवसाला दोन. गोळी पोटात गेली की कणीक मळायला बळ यायचं. पुढे छातीखाली जळजळ सुरू झाली, तशी त्याच दुकानातून पित्ताची गोळी जोडीला आली. ती मी आठवण होईल तेव्हा घ्यायची.

२०२४ च्या जानेवारीत दम लागायला लागला. केंद्राच्या तीन पायऱ्या चढून आले की कठडा धरून उभी राहायची. घराजवळच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. बायकांचं असतंच कमी म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. शौचाला काळं होतंय असंही मी नंतर सांगितलं होतं. लोहाच्या गोळीने होतं तसं, घाबरू नका, म्हणाले. लोहाने काळं होतं हे खरंच आहे, त्यामुळे मी निश्चिंत झाले आणि तीन आठवडे तशीच काढली. मग एके दिवशी तव्यासमोरच डोळ्यांपुढे अंधारी आली. हातातलं उलथनं पडलं एवढंच आठवतं. मुलाने रिक्षात घालून या डॉक्टरांकडे आणलं.

डॉक्टर साठीचे असतील. बारीक अंगाचे, बोलणं हळू. नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, सिस्टरना रक्त घ्यायला सांगितलं आणि मग खुर्ची जवळ ओढून बसले. पहिला प्रश्न हा:

"ताई, गोळी आधी की काळं आधी?"

मला कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं. लोहाची गोळी सुरू झाल्यावर काळं व्हायला लागलं, की काळं आधीपासून होतं? मी आठवायला लागले. ते थांबले. बाहेर माणसांची रांग होती, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मला संक्रांत आठवली. वाणाच्या दिवशी सकाळी मी सूनबाईला म्हटलं होतं, अगं, आज काळं झालं, तिळाने असेल का? आणि लोहाच्या गोळ्या तर जानेवारी सरता सरता सुरू झाल्या. म्हणजे काळं आधी.

"काळं म्हणजे कसं? तव्याच्या काजळीसारखं?"

"नाही हो. रस्त्यावर ताजं डांबर ओततात ना, तसं. चिकट. चार बादल्या पाणी टाकलं तरी जायचं नाही. वासही निराळाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, लोहाचं काळं हिरवट असतं आणि बांधून होतं. तुम्ही सांगताय ते रक्त आहे. वर जठरात कुठेतरी झिरपतंय आणि पचत पचत खाली येताना डांबर होतंय. रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन ६.९ वर उतरलं होतं. त्याच दुपारी दाखल करून घेतलं, रात्री रक्ताची एक पिशवी लावली.

मुलाला त्यांनी घरी पिटाळलं. घरात औषधांची जेवढी पाकिटं असतील तेवढी घेऊन ये, रिकामीसुद्धा, देवघरातली, फ्रिजवरची, आईच्या पर्समधली. त्याने पिशवी आणून टेबलावर ओतली तर एकोणीस पाकिटं निघाली. डॉक्टरांनी ती पत्त्यांसारखी मांडली आणि चष्मा कपाळावर ढकलून मागची बारीक अक्षरं वाचत बसले. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या रंगांची पाकिटं बाजूला काढली आणि एकच शब्द तिन्हींवर बोट ठेवून दाखवला: डायक्लोफेनॅक. गुडघ्याची म्हणून एक, कंबरेची म्हणून दुसरी, अंगदुखीची म्हणून तिसरी. मी एकच औषध तीन नावांनी घेत होते.

मी म्हटलं, पण जेवूनच घ्यायची हो मी, उपाशीपोटी कधीच नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. जठरातलं आम्ल जठरालाच का जाळत नाही? कारण आतून एक बुळबुळीत थर सतत तयार होत असतो. ही गोळी दुखणं ज्या वाटेने थांबवते, त्याच वाटेने तो थर तयार होणंही थांबवते. आणि हे काम ती रक्तातून करते, म्हणून पोटात आधी भाकरी आहे की नाही याने फार फरक पडत नाही. हे सांगताना त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जठराचं चित्र काढलं, पाण्याच्या पखालीसारखं. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीची तपासणी. मला त्या नळीची फार भीती होती, भजनी मंडळात गाते म्हणून गळ्याची जास्तच. त्यांना म्हटलं तसं. त्यांनी आधी विचारलं, "कुठल्या पट्टीत गाता?" काळी चार, म्हटलं. मग सांगितलं की वाकणाऱ्या काचतंतूंची ही नळी १९५७ साली अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ नावाच्या डॉक्टरांनी केली आणि ती आधी स्वतःच्याच घशातून खाली घातली, मगच पेशंटच्या. आणि मीही घेतली आहे, झोपेच्या इंजेक्शनशिवाय, माझ्याच विद्यार्थ्याच्या हातून, म्हणाले. स्वरयंत्राची वाट वेगळी, अन्नाची वेगळी, आपण अन्नाच्या वाटेने जाणार. दोन दिवस वरचा सा लावू नका म्हणजे झालं.

तर नळीबद्दल, ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी. रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. घशात फवारा मारतात, तो कडू असतो आणि दोन मिनिटांत घसा आपला नाहीसा वाटतो, गिळलेलं कळत नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत प्लॅस्टिकची कडी देतात. नळी करंगळीएवढी जाड. घशातून उतरताना एकदा जोरात उमळून येतं, तेवढाच काय तो कठीण भाग. मावशींनी माझा खांदा धरला होता आणि डॉक्टर एकसारखे बोलत होते: लाळ गिळू नका, वाहू द्या, नाकाने श्वास, आता आलो जठरात, आता हवा भरतोय, ढेकर आला तर येऊ द्या. सात मिनिटांत बाहेर. पडदा माझ्या बाजूला वळवून ठेवला होता म्हणून मला दिसलं. गुलाबी, ओलं, चमकणारं, आणि त्यात एका बाजूला पांढरट बुडाचा खड्डा, कडा लाल. भाकरीला फोड येऊन फुटतो तसा.

चिमट्याने पाच-सहा तुकडे काढले. एक तुकडा पिवळ्या चकतीत ठेवला. मला बाहेर बाकावर बसवलं होतं तिथे सिस्टर ती चकती घेऊन आल्या, पिवळ्याची गुलाबी झाली होती. जठरात एक जंतू राहतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी, तो असला की चकतीचा रंग बदलतो. म्हणजे गोळीने थर खरवडला आणि खाली हा जंतू बसलेलाच होता. बाकीचे तुकडे कॅन्सरसाठी तपासायला गेले. पाच दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगायला लावलं नाही, स्वतः फोन केला आणि नमस्कारही न करता पहिलं वाक्य बोलले, "ताई, कॅन्सर नाही." मग नमस्कार.

औषधं चौदा दिवस, चार प्रकारची. त्यांनी आधीच बजावलं होतं की तोंडाला धातूची चव येईल आणि यातल्या एका औषधाने पुन्हा काळं होईल, पण ते डांबर नसेल. तसंच झालं. आंबलेलं ताक तांब्याच्या भांड्यातून प्यावं तशी चव चौदा दिवस जिभेवर होती. एकही गोळी चुकवायची नाही, अर्धवट सोडलं तर जंतू पक्का होतो, यावर त्यांनी मुलाकडून शब्द घेतला, माझ्याकडून नाही. मी कामाच्या धांदलीत विसरणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

आता माझ्या वडिलांचं सांगते, कारण त्यासाठीच मी हे एवढं लिहायला बसले.

आप्पांनाही अल्सर होता, म्हणजे पोटात आतून अशीच जखम. १९७८ साली इथेच मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. जठराला जाणारी नस कापली आणि आतड्याला जोडून जठराला नवी वाट काढून दिली. त्या काळी तोच उत्तम उपाय होता आणि आप्पा त्याने वाचले. पण घरात एक गोष्ट कायमची बसली, की आईच्या हातच्या तिखटाने आप्पांचं पोट फाटलं. आत्या तसं तोंडावर बोलायची. आप्पांनी कांदा-लसणाची चटणी सोडली ती सोडलीच. रात्री झोपताना पेलाभर थंड दूध. आणि आई पुढची बावीस वर्षं, आप्पा जाईपर्यंत, रोज दोन आमट्या करत होती, एक घरची आणि एक आप्पांची फिकी.

हे मी डॉक्टरांना सहज सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, मी एमबीबीएसला होतो तेव्हा आम्हालाही हेच शिकवलं होतं. काळजी, तिखट, आम्ल. नस कापायची ऑपरेशनं वॉर्डात रांगेने असायची. तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोघं म्हणत होते की जठरात जंतू आहे, पण इतक्या आम्लात जंतू जगतो यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीतही तो वाढेना. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या चुकून जास्त दिवस राहिल्या आणि तेव्हा उगवला, त्याला वाढायला वेळच जास्त लागत होता. मग १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू प्यायले आणि काही दिवसांत आजारी पडले. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं.

"म्हणजे आईच्या चटणीने नाही?"

"तुमच्या वडिलांना तपासल्याशिवाय मी खात्रीने कसं सांगू? पण त्या काळच्या बहुतेक अल्सरांमागे हाच होता. तिखटाने जळजळ वाढते. अल्सर त्याने होत नाही. आणि दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल उलट वाढतं."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तासगावला भावाकडे असते. मी त्याच रविवारी गेले आणि तिला सगळं सांगितलं, जंतू, पर्थ, चकती, जेवढं मला कळलं होतं तेवढं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग इतकी वर्षं माझ्या हातची चटणी का सोडली त्यांनी?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "आईंना माझा नमस्कार सांगा" एवढंच म्हणाले.

त्यांचं स्वतःचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. जत तालुक्यातल्या खेड्यातले. एमबीबीएस इथल्याच सरकारी कॉलेजात, मग एमडी, मग मुंबईला केईएम हॉस्पिटलात पोटविकारांतली डीएम ही त्यापुढची पदवी. साडेपाच अधिक तीन अधिक तीन वर्षं, हा हिशेब त्यांनी माझ्या नातवाला बोटांवर करून दाखवला, त्याला डॉक्टर व्हायचंय म्हणून. मुंबईत शिकताना दुर्बिणीला पडदा नसायचा, नळीच्या टोकाच्या भिंगाला एक डोळा लावून बघायचं आणि बाकीच्यांनी सर काय सांगतात ते ऐकायचं. त्या दिवसांची सवय अजून आहे: समोर एवढा मोठा पडदा असतो, तरी काही बारीक दिसलं की डावा डोळा मिटतात. मी दुसऱ्या तपासणीच्या वेळी नीट पाहिलं. डोळा मिटला की समजावं, आत काहीतरी निरखताहेत.

मुंबईत राहिले असते तर नाव मोठं झालं असतं, असं त्यांचा कंपाउंडर सांगतो. १९९५ ला परत आले. कारण विचारलं तर डॉक्टर दोन देतात: जतकडची माणसं आणि तंबोरे.

तंबोऱ्यांचं खरंच आहे. त्यांच्या वेटिंग रूममध्ये टीव्ही नाही. कोपऱ्यातल्या स्पीकरवर तंबोरा वाजत असतो, फक्त तंबोरा, हळू. पहिल्या दिवशी ग्लानीत असूनही तो माझ्या कानात गेला होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षी होस्टेलची मुलं त्यांना दर्ग्याच्या उरुसाला घेऊन गेली. मोठे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरासाहेबांच्या दर्ग्यातच आहे आणि त्यांच्या आठवणीत दरवर्षी तिथे गाणं होतं. जतच्या त्या पोराने तोवर फक्त भजन आणि रेडिओ ऐकला होता. चिंचेखाली सकाळपर्यंत बसून राहिलो, असं सांगताना त्यांचा आवाज आणखी हळू होतो. अजूनही उरुसात ओपीडी लवकर संपते आणि डॉक्टर मागच्या सतरंजीवर असतात. गाता का म्हणून विचारलं तर म्हणाले, "मला गळा नाही. कान आहे."

तो कान मी एकदा पाहिला. मंडळाचा तंबोरा बोलेनासा झाला म्हणून एका गुरुवारी संध्याकाळी सतारमेकर गल्लीत गेले होते. तलवारी घडवणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली ती हीच गल्ली, आणि इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात मंगळवेढ्याकडचे भोपळे छताला टांगलेले, लाखेचा वास, आणि खाली भुशात मांडी घालून आमचे डॉक्टर. कारागीर जवारी काढत होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवत होते. घोडीच्या पाठीवरून कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. डॉक्टर मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. दोघांत बोलणं नाही. मी अर्धा तास उभी होते, मला सगळे सूर सारखेच वाटत होते. मग एकदा तार छेडली आणि खर्जातून मधमाशांचं मोहोळ उठावं तसा नाद आला, दुकान भरून. दोघांनी एकदमच मान वर केली. मी दिसल्यावर डॉक्टर उठून उभे राहिले आणि विचारलं, "ताई, लोहाची गोळी चालू आहे ना?"

आता अडचणींचंही सांगते, कारण जाणाऱ्याला त्या माहीत हव्यात. दुर्बिणीची खोली पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गुडघ्यांनी त्रासलेल्या माणसाला ते सोळा पायऱ्यांचं चढण म्हणजे शिक्षा आहे, मी दोनदा सांगून झालं, लिफ्ट व्हायला पाहिजे. अकराची वेळ दिली तर नंबर एकला लागतो, कधी दीडला. प्रत्येकाला खुर्ची ओढून ऐकायचं म्हटलं की हे होणारच हे मला पटतं, पण उपाशीपोटी आलेल्यांना तरी आधी घ्यावं. फोन लागत नाही, समक्ष जाऊनच नंबर लावावा. गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद, कुठे असतात ते वर आलंच आहे. तपासणी फी माझ्या वेळी सहाशे होती. मला लागल्या नाहीत अशा कुठल्याही तपासण्या लिहून दिल्या नाहीत.

मे महिन्यात पुन्हा नळी घातली, अशा अल्सरला भरून आल्याची खात्री करावीच लागते म्हणून. खड्ड्याच्या जागी फिकट व्रण होता, चकती पिवळीच राहिली. हिमोग्लोबिन ११.६. गुडघ्यांसाठी त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि चिठ्ठीवर वर लाल शाईने लिहून दिलं की या बाईंना डायक्लोफेनॅकच्या जातीची दुखण्याची कुठलीही गोळी द्यायची नाही. ती चिठ्ठी मी प्लॅस्टिकमध्ये घालून पर्समध्ये ठेवते. व्यायाम सांगितलेत ते करते, आणि भाकऱ्या आता उंच स्टुलावर बसून थापते. शेगडीचा कट्टा मुलाने चार इंच वर घेतला.

जाणार असाल तर घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. आणि काय आधी सुरू झालं, काय नंतर, ते घरातल्यांना विचारून कागदावर लिहून न्या. सणवार लक्षात असतील तर तेच लिहा, डॉक्टरांना तारखांपेक्षा ते जास्त चालतात.